व्यभिचार, घटस्फोट आणि पोटगी : शिरोळकरांनी जाणून घ्यावे असे काही

व्यभिचाराचे कलमच रद्द झाले, तेव्हा जोडीदाराने काहीही केले तरी आता त्याविरुद्ध दाद मागता येत नाही, असा एक समज अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे घट्ट रुजला असून, शिरोळ-कुरुंदवाडच्या पारावर आणि जयसिंगपुरात न्यायालयाच्या आवारातही तो मोठ्या खात्रीने बोलून दाखवला जातो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि कायद्याचे असले अर्धे ज्ञान संसार मोडण्याच्या घटकेला माणसाचे जितके नुकसान करते तितके संपूर्ण अज्ञानही करीत नाही. कारण ज्याला काहीच ठाऊक नसते तो निदान कोणा जाणत्याला विचारावयास तरी जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम घटनाबाह्य ठरवले, ही गोष्ट खरी आहे. १८६० पासून चालत आलेल्या त्या कलमान्वये, दुसऱ्याच्या विवाहित पत्नीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकत असे. त्या स्त्रीला शिक्षा नसे, आणि ज्या घरातला पुरुष बाहेर गेला त्या घरच्या पत्नीला फिर्याद करण्याचा अधिकारही नसे. स्त्रीला पतीची मिळकत लेखणारी ही रचना मुंबईतील एका खटल्यातून १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेली तेव्हा टिकली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठानेही ती वैध मानली. आणि २०१८ च्या घटनापीठात त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या निर्णयाविरुद्ध मत नोंदवले. परंतु त्याच निकालात, व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण म्हणून दिवाणी कायद्यात कायम राहील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे पोलीस ठाण्याचा दरवाजा बंद झाला, विवाहविषयक न्यायालयाचा उघडाच राहिला. सैन्यदलांतील व्यक्तींची गोष्ट तर याहून निराळी आहे: २०१८ च्या निकालाने सैन्याच्या शिस्तीच्या कायद्याला बाध येत नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये केला असल्यामुळे, ज्या घरचा मुलगा फौजेत आहे त्या घराने हा भेद ध्यानात ठेवावा.

आता दिवाणी बाजू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे तेरावे कलम असे सांगते की, लग्नानंतर पतीने वा पत्नीने आपल्या जोडीदाराखेरीज अन्य व्यक्तीशी स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवला असल्यास दुसऱ्या पक्षाला घटस्फोट मागता येतो. पूर्वी घटस्फोटासाठी ‘व्यभिचारी जीवन जगत असणे’ सिद्ध करावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर एकच प्रसंगही पुरेसा झाला. आपल्या तालुक्यात ज्यांची मोठी वस्ती आहे त्या जैन आणि लिंगायत समाजांना, तसेच बौद्ध बांधवांना, हाच कायदा लागू आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांनाही तसेच कारण उपलब्ध आहे. ख्रिस्ती पत्नीला पूर्वी व्यभिचाराच्या जोडीला आणखी काही दोष सिद्ध करावा लागे, ती विषमता २००१ च्या दुरुस्तीने गेली. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली, पती दुर्लौकिकाच्या स्त्रियांशी संग ठेवतो या कारणावरून विवाहविच्छेद मागता येतो.

कारण कायद्यात असणे आणि ते न्यायालयात शाबीत होणे यांत मात्र फार अंतर आहे, आणि बहुतेक दावे कोसळतात ते याच अंतरात. असल्या संबंधाचा प्रत्यक्ष साक्षीदार क्वचितच मिळतो, हे न्यायालयही जाणते. म्हणून परिस्थितिजन्य पुराव्यावर निर्णय होऊ शकतो. पुण्याच्या दास्ताने दांपत्याच्या गाजलेल्या खटल्यात, जो व्यभिचाराचा नसून क्रूरतेचा होता, सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली असे तत्त्व घालून दिले की, वैवाहिक दाव्यात फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्ही बाजूंच्या शक्यता तोलून ज्या बाजूचे पारडे जड होईल ती मान्य करावी. दोघे एकत्र राहिल्याची लॉजमधील नोंद, परगावी केलेल्या प्रवासाच्या तिकिटांचा मेळ, परस्परांना लिहिलेली पत्रे वा संदेश, एकाच पत्त्यावरचा भाडेकरार, रुग्णालयाच्या कागदावर पती म्हणून दुसऱ्याचे नाव, असे दस्तऐवज एकमेकांना दुजोरा देऊ लागले म्हणजे पारडे झुकते. याउलट शेजारणीने सांगितले, गावात बोलले जाते, भावकीत कुजबुज आहे, असला ऐकीव मजकूर शंभर तोंडांनी वदवला तरी न्यायालयात त्याची किंमत शून्य असते.

मोबाईलमधल्या मजकुराविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण आजचे निम्मे कज्जे त्याच्यापासूनच सुरू होतात. संदेशांची नुसती छापील प्रत वकिलाच्या हाती देऊन काम भागत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे, ती प्रत कोणत्या उपकरणातून व कशी काढली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ संच जपून ठेवावा, तो विकू नये, दुरुस्तीच्या नावाखाली पुसून घेऊ नये. पती-पत्नींपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले आपसांतले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. पण त्याचा अर्थ जोडीदाराच्या खात्याचा परवलीचा शब्द चोरावा किंवा त्याच्या संचात पाळत ठेवणारी यंत्रणा बसवावी, असा घेऊ नये, कारण तसे करणारा स्वतःच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत सापडतो. आणि संतापाच्या भरात छायाचित्रे गावाच्या किंवा भावकीच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकण्याइतके आत्मघातकी कृत्य दुसरे नाही: दावा बाजूला राहून फिर्यादी आरोपी होतो, आणि घरातल्या मुलांना ती छायाचित्रे जन्मभर पुरतात.

दाव्यात त्या तिसऱ्या व्यक्तीचे नाव घेऊन तिलाही सामील करण्याची रीत आहे, आणि ती न्याय्यही आहे. जिच्या अब्रूविषयी निर्णय व्हावयाचा तिला आपले म्हणणे मांडावयास मिळालेच पाहिजे. तेव्हा ‘कोणा अनोळखी इसमाशी’ असे मोघम लिहून चालत नाही. नाव, स्थळ, सुमाराची तारीख, जे ठाऊक असेल ते स्पष्ट मांडावे लागते. हे सर्व मांडता येत नसेल तर ‘व्यभिचार’ हा शब्द अर्जात लिहूच नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्यामागे केवळ सावधपणा नाही. महाराष्ट्रातीलच एका दांपत्याच्या खटल्यात पत्नीने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागितला असता, पतीने आपल्या कैफियतीत तिच्या चारित्र्यावर आरोप केले आणि पुढे दुरुस्तीअर्ज देऊन ते मागेही घेतले. तरीही, एकदा लिहून दिलेले असे निराधार आरोप हीच मानसिक क्रूरता होय, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पत्नीच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या खेड्यांत संशयाचा हा शब्द बहुधा स्त्रीवरच फेकला जातो, तो खोटा ठरला तरी तिच्या माहेरच्या अंगणापर्यंत पोहोचलेला असतो, आणि मग तिच्या धाकट्या बहिणीच्या स्थळांवरही त्याची छाया पडते. म्हणून लेखणी उचलण्याआधी वकिलाने आणि पक्षकारानेही दहा वेळा विचार करावा.

आरोप खरा असला तरी एक अडचण संभवते, तिची कल्पना फारच थोड्यांना असते. हिंदू विवाह कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, ज्याने त्या कृत्याला संमती दिली, जाणूनबुजून डोळेझाक केली किंवा क्षमा केली, त्याला त्याच कृत्याच्या आधारे घटस्फोट मिळत नाही. क्षमा म्हणजे तोंडाने ‘माफ केले’ म्हणणे एवढेच नव्हे. सर्व काही कळल्यानंतर पूर्ववत सहजीवन सुरू करणे हीही क्षमाच. दास्ताने खटल्यात पत्नीची क्रूरता सिद्ध होऊनही पतीला दाद मिळाली नाही, ती याच कारणाने. आपल्याकडे वडीलधारी माणसे, तंटामुक्त समिती किंवा दोन्हीकडचे मामा-काका बसून ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणतात आणि सून किंवा जावई पुन्हा नांदावयास येतो. अशा समेटाला माझा विरोध मुळीच नाही. लेकरांच्या दृष्टीने तो कित्येकदा श्रेयस्कर असतो. पण नांदावयास जाणाऱ्याने हे जाणून जावे की, मागचे प्रकरण यापुढे सहसा एकट्याने उभे राहणार नाही. मात्र तोच दोष पुन्हा घडला तर क्षमा झालेले जुने कारणही जिवंत होते. कारणाशिवाय फार विलंब लावणे हेही तितकेच घातक आहे. आणि लग्नाला वर्ष झालेले नसताना, असाधारण हालअपेष्टा वा दुराचरण असल्याखेरीज, घटस्फोटाचा अर्जच घेतला जात नाही.

यापेक्षाही मोठा घोटाळा होतो तो स्टँप पेपरवरच्या फारकतीचा. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि १९५५ पासून सर्व हिंदूंना एकच कायदा लागू झाला. त्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने जातीच्या रूढीप्रमाणे होणाऱ्या घटस्फोटाला अभय दिले आहे हे खरे. पण अशी रूढी आपल्या जातीत दीर्घकाळ व अखंड चालत आली आहे हे पुराव्याने शाबीत करण्याचा भार, ती सांगणाऱ्यावर असतो, आणि तो फारच थोड्यांना पेलतो. पाचशे रुपयांच्या स्टँपवर दोघांच्या सह्या, दोन पंच आणि नोटरीचा शिक्का असलेला फारकतनामा म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. त्याच्या भरवशावर दुसरे लग्न करणाऱ्याचे पहिले लग्न कायद्याच्या दृष्टीने उभेच असते, आणि भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमान्वये सात वर्षांपर्यंत, पहिले लग्न लपवले असल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेस तो पात्र होतो. व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. द्विभार्या विवाह हा गुन्हा आहेच. शासकीय नोकराची तर नोकरीही त्यात धोक्यात येते.

द्विभार्येच्या फिर्यादीतही एक मेख आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पतीने १९६२ साली गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केल्याचा आरोप होता. पण त्या विवाहाचे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली शिक्षा रद्द केली. म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न लावले असे कळताच पत्नीने लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, लग्न लावणाऱ्या भटजींचे नाव, छायाचित्रकाराकडील चित्रफीत यांचा माग काढावा; हार घालतानाचा एखादा फोटो पुरत नाही. विधी सिद्ध झाले नाहीत आणि द्विभार्येचा खटला पडला, तरी ती दुसरी स्त्री नवऱ्याबरोबर नांदत असल्याचा तोच पुरावा घटस्फोटाला उपयोगी पडतो. घटस्फोट नको असेल तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या अठराव्या कलमान्वये पत्नीला वेगळे राहून निर्वाहाची रक्कम मागता येते, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा हुकूमही मिळवता येतो. जिला पहिल्या लग्नाचा थांगपत्ता लागू न देता फसवून दुसरे लग्न लावले, त्या स्त्रीलाही पोटगी नाकारता येणार नाही, असे २०१३ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. अशा संबंधातून जन्मलेल्या मुलांचा दोष तो कोणता? विवाह कायद्याने शून्य असला तरी त्यातून जन्मलेली मुले हिंदू विवाह कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे औरसच मानली जातात, आणि आईबापांच्या मिळकतीत त्यांना हक्क आहे.

पोटगीच्या प्रश्नात व्यभिचाराचा परिणाम सर्वाधिक जाणवतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या १२५ व्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात, ‘व्यभिचारात राहत असलेल्या’ पत्नीला पोटगीचा हक्क नाही असे म्हटले आहे. एखाद्या प्रसंगी घडलेला तोल जाण्याचा प्रकार आणि तसे जीवन जगत राहणे यांत न्यायालये भेद करतात. पोटगी नाकारावयाची तर वर्तन सततचे व अर्जाच्या सुमाराचे असावे लागते, आणि ते शाबीत करण्याचा भार पतीवर असतो. परंतु व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट झालेलाच असेल तर चित्र पालटते. सांगलीच्या सत्र न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, १९८० साली लग्न झालेल्या आणि २००० साली याच कारणावरून घटस्फोट झालेल्या स्त्रीची पोटगी नामंजूर ठेवण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कायम केला. घटस्फोटाच्या दाव्यात गैरहजर राहून एकतर्फी हुकूमनामा होऊ देणाऱ्या आमच्या भगिनींनी या निकालाची दखल घ्यावी: ‘मला कुठे नांदायचंय, होऊ दे काय व्हायचं ते’ असे म्हणून समन्स कोनाड्यात टाकले, तर त्या हुकूमनाम्यात लिहिलेले कारण पुढे पोटगीच्या आड उभे राहते. दाव्याला हजर व्हावे, कैफियत द्यावी, आणि हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली दावा चालू असतानाच्या पोटगीचा व खर्चाचा अर्ज त्याच वेळी करावा.

नवऱ्याची मिळकत दाखवणे हे नोकरदाराच्या बाबतीत सोपे, शेतकऱ्याच्या बाबतीत अवघड. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे व देण्याघेण्याचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा दंडक घातला आहे. तरीही ‘जमीन बापाच्या नावावर, मी नुसता राबतो’ हे उत्तर कृष्णा-पंचगंगेच्या काठी ठरलेलेच. त्यावर सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे तलाठी कार्यालयातून काढावेत. जमीन वडिलार्जित असेल तर मुलाचा त्यात हिस्सा आहेच. कारखान्याला गेलेल्या उसाचे बिल कोणाच्या खात्यावर जमा होते, दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल कोण उचलतो, विकास सोसायटीचे पीककर्ज कोणाच्या नावे आहे, घरचा ट्रॅक्टर भाड्याने जातो काय, हे तपशील त्या घरात नांदलेल्या बाईला तोंडपाठ असतात. ते तिने वकिलाला सांगावेत म्हणजे तो ती कागदपत्रे न्यायालयामार्फत मागवू शकतो. पत्नीचे स्वतःचे उत्पन्न असेल तर तेही तिने न लपवता लिहावे.

मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी. विवाह अस्तित्वात असताना, किंवा तो संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे कायदा गृहीत धरतो. गर्भधारणा संभवते त्या काळात पती-पत्नींना परस्परांचा सहवास शक्यच नव्हता, हे सिद्ध झाले तरच ते गृहीतक ढळते. पुण्यातील एका पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाच्या डीएनए चाचणीचा आग्रह धरला, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला: मोठ्यांच्या भांडणात मुलाच्या जन्माला हत्यार करता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे. दुसरे म्हणजे, व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण असले तरी तेवढ्याने आई मुलाच्या ताब्याला अपात्र होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो.

दोघांनाही संसार नकोच असेल तर एकमेकांची लक्तरे न काढता परस्परसंमतीने वेगळे होण्याचा मार्ग हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये आहे. त्याला वर्षभराचा विभक्त वास लागतो. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते. अशा अर्जात पोटगीची एकरकमी रक्कम, स्त्रीधनाची परतफेड आणि मुलांच्या भेटीचे दिवस आधीच लेखी ठरवून घ्यावेत.

अर्ज कोठे करावयाचा, हेही आपल्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात महत्त्वाचे ठरते. लग्न जेथे लागले, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, किंवा प्रतिवादी जेथे राहतो, तेथील न्यायालयात तो करता येतो. आणि २००३ पासून पत्नीला ती सध्या जेथे राहते तेथेही करता येतो, मग ते माहेर मिरजेला असो वा कर्नाटकात चिकोडीला. सुनावणी बंद दालनात होते व तिचा मजकूर छापण्यास मनाई आहे, तेव्हा गावभर होईल या भीतीने कोणी मागे राहू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची मुदत ९० दिवसांची असून, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे, उच्च न्यायालयातील कामासाठी शिरोळच्या पक्षकाराला आता मुंबईची वारी करावी लागत नाही. आणि निकाल बाजूने लागला तरी, ही अपिलाची मुदत संपल्याची किंवा अपील फेटाळले गेल्याची खात्री करून हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हाती येईपर्यंत, दुसऱ्या लग्नाची बोलणी कोणी पुढे नेऊ नयेत.